पार्टिकल काउंटर: २.८३, २८.३ आणि १०० लिटरच्या यंत्रांचा परखड आढावा

क्लीनरूमसाठी (हवेतले कण ठरावीक मर्यादेत ठेवलेल्या खोलीसाठी) पार्टिकल काउंटर, म्हणजे हवेतले कण मोजणारं यंत्र, घ्यायचं म्हटलं की माहितीपत्रकांचा ढीग समोर येतो. त्यांत ठळक काय छापलेलं असतं? सहा चॅनेल (एकेका कण-आकाराची वेगळी मोजणी), रंगीत टचस्क्रीन, वायफाय, हजारो नोंदींची मेमरी. हे सगळं नंतर बघता येतं. आधी बघायचा आकडा म्हणजे यंत्र मिनिटाला किती लिटर हवा ओढतं. या आकड्याकडे काणाडोळा झाला की दोनपैकी एक गत होते: एक तर हलकं, देखणं यंत्र येतं आणि एका जागेच्या नमुन्याला चार तास लागतात, नाही तर जडशीळ, महागडं यंत्र येतं आणि ते गाऊनिंग रूममध्ये (क्लीनरूमचे कपडे चढवायच्या खोलीत) दारं तपासत फिरतं.

प्रवाहानुसार या यंत्रांची ढोबळ चार घराणी आहेत. हातात धरायची २.८३ लिटरची, म्हणजे मिनिटाला ०.१ घनफूट. टेबलावर किंवा ट्रॉलीवर ठेवायची २८.३ लिटरची, म्हणजे बरोबर १ घनफूट. त्याच बांधणीची पण मोठ्या पंपाची ५० आणि १०० लिटरची. आणि स्वतःचा पडदा नसलेले, औषध भरण्याच्या यंत्राशेजारी कायमचे बसवलेले रिमोट सेन्सर. या आढाव्यात ब्रँडचं नाव घेतलेलं नाही. एकाच कंपनीची दोन मॉडेलं परस्परांपासून जितकी वेगळी असतात, तितकी दोन कंपन्यांची एकाच प्रवाहाची मॉडेलं सहसा नसतात.

आत काय घडतं

तत्त्व चारही घराण्यांत एकच. पंप हवेची बारीक धार लेझरच्या झोतातून ओढून नेतो. कण झोतात आला की प्रकाश विखुरतो, आरसा किंवा भिंग तो गोळा करून फोटोडिटेक्टरवर टाकतं, आणि विजेचा एक छोटा पल्स निघतो. पल्स किती आले त्यावरून संख्या कळते, पल्सच्या उंचीवरून आकार ठरतो.

हा आकार म्हणजे कणाची मोजपट्टीने घेतलेली लांबी-रुंदी असं समजू नये. कॅलिब्रेशन पॉलिस्टायरीन लॅटेक्सच्या गोल मण्यांवर होतं, तेव्हा यंत्राचं म्हणणं एवढंच की 'या कणाने ०.५ मायक्रॉनच्या मण्याइतका प्रकाश विखुरला'. प्रकाश शोषणारा काळा कण, ब्रशच्या कार्बनचा समजा, आहे त्यापेक्षा लहान दिसतो. कपड्याचा लांबट तंतू झोतात कसा वळला त्यावर त्याचा आकार ठरतो. त्यामुळे दोन उत्तम, ताजी कॅलिब्रेट केलेली यंत्रं शेजारी ठेवली तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षा ठेवून खरेदीपूर्व चाचणी घेणं व्यर्थ आहे.

किती फरक चालतो ते या यंत्रांच्या आयएसओ २१५०१-४ या प्रमाणात ठरलेलं आहे. यंत्राच्या सगळ्यात लहान आकाराला मोजणीची क्षमता ५० टक्के, अधिक-उणे २०. त्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट कणांना १०० टक्के, अधिक-उणे १०. आकाराचं विभेदन (जवळजवळचे आकार वेगळे ओळखणं) १५ टक्क्यांच्या आत, प्रवाहातली चूक ५ टक्क्यांच्या आत. यातला पहिला आकडा नीट वाचावा. पहिल्या चॅनेलवर यंत्र अगदी काठावरच्या कणांपैकी ३० ते ७० टक्केच पकडत असलं तरी ते प्रमाणानुसार उत्तीर्ण आहे. म्हणून ज्या आकारावर निर्णय घ्यायचा तो आकार यंत्राचा पहिला चॅनेल असू नये. ०.५ मायक्रॉनवर खोलीचा स्वच्छता-वर्ग ठरणार असेल तर शक्यतो ०.३ पासून सुरू होणारं यंत्र घ्यावं. त्यात ०.५ चा पल्स इलेक्ट्रॉनिक गोंगाटापासून बराच वर असतो.

आणि चॅनेल? औषधनिर्मितीत ०.५ आणि ५ हे दोन लागतात. १ मायक्रॉनचा तिसरा चॅनेल तक्रार शोधताना उपयोगी पडतो. बाकीचे छापायला बरे दिसतात.

लिटरांचं गणित

आयएसओ १४६४४-१ हे क्लीनरूमचे स्वच्छता-वर्ग ठरवणारं प्रमाण; वर्गाचा आकडा जितका लहान, तितकी हवा स्वच्छ. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत एका जागेवर किमान किती हवा घ्यायची याचं सूत्र सोपं आहे. वर्गाच्या मर्यादेवर हवा असेल तर नमुन्यात किमान २० कण यायला हवेत. म्हणजे २० भागिले घनमीटरमागची मर्यादा, गुणिले १०००, उत्तर लिटरमध्ये. त्याला दोन खालच्या मर्यादा आहेत: २ लिटरपेक्षा कमी नाही आणि १ मिनिटापेक्षा कमी नाही.

आयएसओ ५ ची ०.५ मायक्रॉनची मर्यादा घनमीटरला ३,५२०. सूत्राने ५.६८ लिटर येतात. २.८३ लिटरच्या हँडहेल्डला त्यासाठी दोन मिनिटांहून किंचित जास्त लागतं, तेव्हा सरळ तीन मिनिटं लावावीत. आयएसओ ७ ला मर्यादा ३,५२,००० आणि आयएसओ ८ ला ३५,२०,०००. तिथे सूत्राचं उत्तर नगण्य येतं, म्हणून हँडहेल्डही एका मिनिटात काम उरकतं. इथपर्यंत छोटं यंत्र कुठेच कमी पडत नाही.

गाडी अडते ती ५ मायक्रॉनवर. आयएसओ ७ ला मर्यादा २,९३०, नमुना ६.८ लिटर, हँडहेल्डला तीन मिनिटं, हेही जमतं. आयएसओ ६ ला मर्यादा २९३, नमुना ६८ लिटर, हँडहेल्डला २४ मिनिटं. आयएसओ ५ च्या जुन्या २९ या मर्यादेला ६९० लिटर लागतात: हँडहेल्डने चार तासांच्या वर, २८.३ लिटरने साडेचोवीस मिनिटं, १०० लिटरने सात मिनिटांच्या आत. २०१५ च्या आवृत्तीत आयएसओ ५ च्या तक्त्यातून ५ मायक्रॉनचा आकडा काढला गेला त्यामागे हेच होतं. इतक्या कमी संख्येला मोजणीची खात्री राहत नाही, आणि एवढे मोठे कण नळीत वाटेतच बसतात. युरोपीय जीएमपीच्या, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमावलीच्या, २०२२ च्या अॅनेक्स १ मध्येही ग्रेड ए चं (निर्जंतुक भरणाच्या सगळ्यात स्वच्छ भागाचं) वर्गीकरण ०.५ वर होतं, पण रोजच्या देखरेखीसाठी ५ मायक्रॉनची २९ ही मर्यादा कायम आहे. म्हणजे तक्त्यातून गेलेला आकडा कामाच्या मजल्यावर अजून आहेच.

आता तोच हिशेब उलटा करून बघा. २.८३ लिटरच्या यंत्राने एक मिनिट नमुना घेतला आणि ५ मायक्रॉनचा एकच कण आला, तर घनमीटरला रूपांतर होतं ३५३. २८.३ लिटरवर एक कण म्हणजे ३५. १०० लिटरवर एक कण म्हणजे १०. मर्यादा २९ असेल तर २८.३ लिटरच्या यंत्रावर एका मिनिटात एक कण आला तरी ती ओलांडली जाते. कण खरा की इलेक्ट्रॉनिक गोंगाटाचा, हे एका घटनेवरून सांगता येत नाही. म्हणून सततच्या देखरेखीत एका मिनिटाच्या एका कणावर भोंगा न वाजवता ठरावीक मिनिटांत किती वेळा कण आले यावर इशारा लावतात. यंत्राच्या किंवा सॉफ्टवेअरच्या अलार्ममध्ये ही सोय आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्याच भेटीत विचारावा. नुसती 'वरची मर्यादा' टाकायची जागा असेल तर भोंगा इतक्या वेळा वाजेल की शेवटी कुणीतरी तो बंद करून ठेवेल.

किती जागांवर मोजायचं तेही खरेदीआधी काढून बघावं. २०१५ पूर्वी क्षेत्रफळाचं वर्गमूळ घेत. आता तक्ता आहे. १० चौरस मीटरला ५ जागा, ३६ ला ९, १०४ ला १६. तक्त्याच्या दोन ओळींमधलं क्षेत्रफळ असेल तर मोठ्या क्षेत्रफळाची ओळ घ्यायची. सूत्राला गरज नसली तरी अनेक ठिकाणच्या कार्यपद्धतीत अजूनही प्रत्येक जागी पूर्ण घनमीटर घेतात. तसं असेल तर ३६ चौरस मीटरच्या खोलीला २८.३ लिटरने नुसत्या मोजणीचे पाच तास अठरा मिनिटं जातात, १०० लिटरने दीड तास. उत्पादन थांबवून मोजणी करायची असेल तर दोन यंत्रांच्या किमतीतला फरक या तासांतूनच वसूल होतो.

२.८३ लिटर: हातातलं यंत्र

शोधकामाला याच्यासारखं दुसरं यंत्र नाही. हेपा फिल्टरच्या (हवेतले बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरच्या) चौकटीतली गळती, दाराखालची फट, पास बॉक्सच्या (सामान आत-बाहेर द्यायच्या पेटीच्या) रबराची जागा, गाऊनिंगच्या बाकाभोवतीचा गोंधळ अशा ठिकाणी हलकं यंत्र पटकन फिरवता येतं आणि आकडा कुठे उसळतो ते दिसतं. आयएसओ ७ आणि ८ च्या खोल्यांचं नियमित मोजमापही ते व्यवस्थित करतं. अस्वच्छ बाजूला, म्हणजे हवा हाताळणी यंत्राच्या खोलीत किंवा बांधकाम चालू असलेल्या मजल्यावर जायचं असेल तर हेच यंत्र न्यावं. मोठ्या यंत्राचं ऑप्टिक्स तिथे नासवू नये.

दोष दोन. पहिला, ते हातात धरलं जातं. माणूस हाच क्लीनरूममधला सगळ्यात मोठा कणांचा स्रोत, आणि त्याच्या बाहीपासून वीतभर अंतरावर प्रोब, म्हणजे यंत्राचं हवा ओढणारं तोंड. गळती शोधताना हे चालून जातं, नोंद घेताना चालत नाही. तळाला ट्रायपॉडचा आटा नसलेलं हँडहेल्ड घेऊच नये. 'सुरुवातीचा विलंब' ही सेटिंगही हवी, म्हणजे बटण दाबून माणूस बाजूला झाल्यावर मोजणी सुरू होते. दुसरा दोष पंपाचा. छोटा पंप, छोटी बॅटरी. काही स्वस्त मॉडेलांत प्रवाह कमी झाला तरी पडद्यावर काहीच दिसत नाही. प्रवाह २० टक्क्यांनी उतरला तर कणही साधारण तितकेच कमी मोजले जातात आणि खोली आहे त्याहून स्वच्छ दिसते. प्रवाहातील बिघाडाचा इशारा नसलेलं यंत्र स्वस्त असलं तरी नको.

जाता जाता: घरगुती हवाशुद्धी यंत्रांत असतात ते पीएम सेन्सर या कामाला लावायचा मोह काहींना होतो. ते पंखा किंवा उष्ण हवेच्या ओढीवर चालतात, नमुन्याचं आकारमान निश्चित नसतं. शिवाय अनेकांचा आकडा ०.१ लिटरमागे असतो आणि आयएसओ ५ च्या मर्यादेवर ०.१ लिटरात सरासरी ०.३५ कण असतात. सेन्सर शून्य दाखवत बसेल आणि ते शून्य कशाचंच प्रमाण नसेल.

२८.३ लिटर: रोजच्या राबत्याचं यंत्र

एकच यंत्र घ्यायचं असेल तर हेच. आयएसओ ५ पासून ८ पर्यंत सगळीकडे चालतं, एक घनमीटर ३५ मिनिटं २० सेकंदांत पूर्ण करतं, आणि याचं कॅलिब्रेशन करून देणाऱ्या प्रयोगशाळा सहज मिळतात. ग्रेड ए च्या सततच्या देखरेखीलाही अॅनेक्स १ किमान २८ लिटरचा प्रवाह मागतं. हँडहेल्ड तिथे आपोआप बाद होतं.

घेताना बाहेर पडणाऱ्या हवेकडे लक्ष द्यावं. ओढलेली हवा यंत्र परत खोलीतच सोडतं, आणि पंपाच्या कार्बनच्या पात्यांची झीज त्या हवेत असते. बाहेरच्या बाजूला हेपा फिल्टर हवाच, आणि तो बदलता येण्याजोगा हवा. थंड ठेवण्याचा पंखा वेगळा असेल तर त्याच्या हवेला फिल्टर आहे का तेही विचारावं. इथे बरीच मॉडेलं गप्प बसतात. यंत्र नेहमी कामाच्या पातळीच्या खाली ठेवावं, म्हणजे त्याची हवा वरून येणाऱ्या प्रवाहाबरोबर खाली जाते. बॉडी स्टेनलेस स्टीलची, वर खाचा-फटी नसलेली, जंतुनाशकाने रोज पुसता येईल अशी. प्लास्टिकची झाकणं अल्कोहोलने कालांतराने तडकतात.

बॅटरी यंत्र बंद न करता बदलता येत असेल तर तेवढ्यासाठी थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. घनमीटरच्या नमुन्यात तिसाव्या मिनिटाला यंत्र बंद पडलं की तो नमुना वाया जातो, आणि अर्धवट नमुन्याचं समर्थन लिहिणं हे मोजणीपेक्षा मोठं काम होऊन बसतं.

१०० लिटर

वेगाला तोड नाही: दहा मिनिटांत घनमीटर. ग्रेड ए च्या जागा बऱ्याच असतील आणि प्रत्येक ठिकाणी घनमीटर घ्यायचा नियम असेल तरच याचा विचार करावा. मोठ्या पंपाला आवाज जास्त, वजन जास्त, बॅटरीचा तग कमी. छोट्या आयसोलेटरमध्ये (हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीत) मिनिटाला १०० लिटर हवा बाहेर काढली तर आतला दाब हलू शकतो, म्हणून तिथे लावण्याआधी दाबाची नोंद बघत चाचणी घ्यावी. कॅलिब्रेशनलाही अडचण येते, कारण या प्रवाहाला पुरेल एवढी कणमिश्रित हवा आणि संदर्भयंत्र प्रत्येक प्रयोगशाळेकडे नसतं. यंत्र घेण्याआधी ते कुठे पाठवायचं हे ठरवून ठेवावं. ५० लिटरचं यंत्र हा मधला मार्ग: वीस मिनिटांत घनमीटर, आणि वजन साधारण २८.३ च्या जवळचं.

मोठ्या प्रवाहाची यंत्रं अस्वच्छ हवेत लवकर गुदमरतात. झोतात एकाच वेळी दोन कण आले की यंत्राला ते एक, पण मोठा कण वाटतात. एकूण संख्या कमी आणि मोठ्या चॅनेलचा आकडा संशयास्पद वाढलेला, असं दिसलं की हाच प्रकार समजावा. माहितीपत्रकात कमाल संहती, म्हणजे ठरावीक हवेत जास्तीत जास्त किती कण यंत्र नीट मोजू शकतं, ते दिलेलं असतं. तिच्याहून जास्त आलेला आकडा कागदावर घेऊ नये.

रिमोट सेन्सर

भरण चालू असताना पूर्ण वेळ डोळा ठेवायचा तर दुसरा पर्याय नाही. पण इथे सेन्सरपेक्षा त्याच्या आजूबाजूची जोडणी जास्त महत्त्वाची. बहुतेकांत स्वतःचा पंप नसतो. मध्यवर्ती व्हॅक्यूम पंप आणि सेन्सरच्या आतलं क्रिटिकल ऑरिफिस (प्रवाह ठरावीक ठेवणारं बारीक छिद्र) यांवर प्रवाह ठरतो. ऑरिफिसच्या पंपाकडच्या बाजूचा निरपेक्ष दाब खोलीकडच्या बाजूच्या दाबाच्या साधारण ५३ टक्क्यांच्या खाली असेल तोवर प्रवाह पक्का राहतो. पंप थकला, नंतर कुणी आणखी दोन सेन्सर त्याच पाइपवर जोडले, की दाब वर जातो आणि शेवटच्या सेन्सरचा प्रवाह आधी ढासळतो. म्हणून व्हॅक्यूम मोजायचा तो शेवटच्या सेन्सरपाशी, पंपाच्या खोलीत नव्हे.

एकच काउंटर आणि लांब नळ्यांतून आळीपाळीने हवा ओढणारं मॅनिफोल्ड कागदावर स्वस्त दिसतं. ५ मायक्रॉनच्या देखरेखीसाठी ते नको. लांब नळीत मोठे कण बसतात आणि कधीतरी धक्क्याने एकदम सुटतात, तेव्हा आकडा एरवी खोटा कमी आणि मध्येच खोटा जास्त येतो. अॅनेक्स १ नुसार नळी सर्वसाधारणपणे १ मीटरपेक्षा लांब नको, वळणं कमीत कमी, आणि वळणाची त्रिज्या १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हवी. यंत्ररचनेमुळे हे शक्य नसेल तर लेखी समर्थन द्यावं लागतं.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने खोली निर्जंतुक होत असेल तर सेन्सर ती वाफ सोसतो का, चालू स्थितीत की बंद, प्रोबला टोपी लावून की न लावता, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावं. आरशावर किंवा भिंगावर परिणाम झाला की संवेदनशीलता हळूहळू उतरते आणि आकडे छान येत राहतात. बिघाड आहे हे वर्षाच्या कॅलिब्रेशनपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

भुकटी भरण्याच्या यंत्रावर सेन्सर लावताना आणखी एक पेच असतो. उत्पादनच ५ मायक्रॉनचे कण उडवतं. तिथे भरण सुरू होण्यापूर्वीची आणि संपल्यानंतरची हवा वेगळी मोजून, चालू कामातल्या आकड्याचा अर्थ आधीच ठरवून ठेवावा लागतो.

प्रोब

सोबत येणारा स्टीलचा नरसाळ्यासारखा तुकडा सुटा भाग म्हणून दुर्लक्षिला जातो, आणि दुसऱ्या यंत्राचा उचलून लावला जातो. एकदिश प्रवाहात (सगळी हवा एकाच दिशेने वाहते तिथे) तो आयसोकायनेटिक असावा, म्हणजे प्रोबच्या तोंडात शिरणाऱ्या हवेचा वेग खोलीतल्या हवेइतका. खोलीत वेग सेकंदाला ०.४५ मीटर धरला तर २८.३ लिटरला तोंडाचा व्यास साधारण ३६ ते ३७ मिलिमीटर येतो, १०० लिटरला ६९, हँडहेल्डला साडेअकरा. २८.३ चा प्रोब १०० लिटरच्या यंत्राला लावला तर तोंडाशी वेग साडेतीन पट होतो. हवा वळून आत शिरते, जड कण मात्र सरळ पुढे निघून जातात आणि ५ मायक्रॉनचा आकडा कमी येतो. ०.५ च्या कणांवर फारसा फरक पडत नाही, म्हणून ही चूक लवकर उघडी पडत नाही. प्रोबवर प्रवाह कोरून घ्यावा. एकदिश प्रवाहात तोंड येणाऱ्या हवेकडे, बाकी खोल्यांत सरळ वर.

नळी शक्यतो नकोच. प्रोब थेट यंत्रावर. लागलीच तर उत्पादकाने सांगितलेल्या पदार्थाची. साध्या सिलिकॉनच्या नळीवर स्थिर वीज जमते आणि कण भिंतीला चिकटतात.

झीरो काउंट

नव्या यंत्राची सगळ्यात स्वस्त परीक्षा ही, आणि रोज कामाआधी करायची तीही हीच. तोंडाला झीरो फिल्टर (आत जाणारे सगळे कण अडवणारा फिल्टर) घट्ट बसवावा, दहा-पंधरा मिनिटं यंत्र चालवून आतला मळ निघू द्यावा, मग पाच मिनिटांची मोजणी घ्यावी. सगळ्यात लहान चॅनेलवर एकापेक्षा जास्त कण नको.

शून्य येत नसेल तर आकडे कुठल्या चॅनेलवर आहेत ते बघावं. फक्त पहिल्या चॅनेलवर एकसारखे येत असतील तर ऑप्टिक्स मळलेलं, भटका प्रकाश किंवा इलेक्ट्रॉनिक गोंगाट, यंत्र दुरुस्तीला. मोठ्या चॅनेलवर अधूनमधून येत असतील तर आधी फिल्टरचा जोड, ओ-रिंग आणि नळी तपासावी. बहुधा तिथेच हवा शिरत असते. फिल्टर बदलून बघणं एका मिनिटाचं काम आहे, पण झीरो फिल्टरही म्हातारा होतो हे विसरलं जातं आणि चांगलं यंत्र उगाच कुरियरने जातं.

प्रवाह तपासायला कमी दाबरोध असलेला मीटर वापरावा. २८.३ ला २६.९ ते २९.७ च्या आत यायला हवा. साधा रोटामीटर (नळीतल्या तरंगत्या गोटीने प्रवाह दाखवणारा मीटर) तोंडाला लावला तर त्याच्याच रोधाने प्रवाह घटतो आणि यंत्रावर नाहक ठपका येतो.

नोंदींतले घोळ

बहुतेक 'नापास' खोल्या सेटिंगने नापास होतात. पडदा संचयी दाखवतोय की फरकाने, हे आधी ठरवावं: संचयी म्हणजे ०.५ आणि त्याहून मोठे सगळे, फरकाने म्हणजे ०.५ ते पुढच्या चॅनेलच्या मधले. प्रमाणातल्या मर्यादा संचयी आहेत. दुसरा घोळ एककाचा. घनफूट, घनमीटर की नुसती मोजलेली संख्या? घनफुटाचा आकडा घनमीटरच्या रकान्यात गेला की खोली ३५ पट स्वच्छ होते. १०० कण हा आकडा आयएसओ ५ साठी बसतो तो घनफुटाला, कारण तो फेडरल स्टँडर्ड २०९ च्या क्लास १०० चा वारसा आहे. ते प्रमाण २००१ मध्येच रद्द झालं, पण बोलण्यात 'क्लास शंभर' अजून चालतं आणि त्यासोबत घनफूटही रेंगाळतात.

मोजणीआधी ७० टक्के अल्कोहोलने टेबल पुसलं असेल तर थांबावं. यंत्राला थेंब आणि धूळ यांत फरक कळत नाही. गार खोलीतून उबदार, दमट खोलीत आणलेल्या यंत्राच्या भिंगावर बाष्प धरतं. त्याला नव्या तापमानाला यायला वेळ द्यावा. हेपाच्या गळतीची फोटोमीटर चाचणी तेलाच्या एरोसोलवर चालू असेल तर काउंटर त्या मजल्यावरच नको. तेलाचा पडदा ऑप्टिक्सवर एकदा बसला की झीरो फिल्टर लावून कितीही चालवा, तो जात नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडकंच. प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन, बदलांचा माग, पुसता न येणाऱ्या नोंदी, आणि घड्याळ बदलण्याचा अधिकार फक्त प्रशासकाला. औषधनिर्मितीत एवढं नसेल तर पुढचं बघूच नये. थर्मल प्रिंटरची चिठ्ठी फिकी पडते, तिची सही केलेली छायाप्रत लागते. यूएसबीवर पीडीएफ देणारं यंत्र हा त्रास वाचवतं.

कॅलिब्रेशन वर्षातून एकदा. प्रमाणपत्रात दुरुस्तीपूर्व, म्हणजे यंत्र जसं आलं तशा अवस्थेतली मापं छापून मिळतील का, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावं. नुसतं 'दुरुस्तीनंतर उत्तीर्ण' लिहिलेल्या कागदावरून गेल्या वर्षभराच्या नोंदी खऱ्या होत्या की नाही हे सांगता येत नाही, आणि तपासनीस विचारतो ते नेमकं तेच. प्रमाणपत्रावर आयएसओ २१५०१-४ चा उल्लेख, मोजणीची क्षमता, विभेदन, झीरो काउंट आणि प्रवाह हे सगळे आकडे हवेत. यंत्र कॅलिब्रेशनला गेल्यावर ते किती आठवडे परत येत नाही, आणि तेवढ्या काळात बदली यंत्र त्याच प्रवाहाचं मिळतं की हाती हँडहेल्ड टेकवतात, हेही त्याच करारात यावं.